या गाठी लागत नाहीत

रिश्त्याच्या बैठकीत मुलीच्या हातावरच्या बारीक गाठी दिसल्या की बोलण्याचा सूर बदलतो. शाळेत हे आधीच सुरू होतं. शेजारचं मूल बाक बदलून मागतं, कधी त्याच्या अम्मीची चिठ्ठी येते. आम्हा शिक्षकांना दोन्ही घरांचं ऐकावं लागतं, म्हणून आज या गाठींविषयी.

अंगावर अशा मऊ गाठी अनेक असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार असू शकतो. १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर रेकलिंगहाउझेन यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. सुमारे ३००० मुलांमागे एकात तो आढळतो. १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशी वाढून गाठी होतात. त्वचेवरच्या या गाठी कर्करोगाच्या नसतात. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने त्या कुणालाही होत नाहीत.

मग दोष कुणाचा? कुणाचाच नाही. आई किंवा वडील, कुणा एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. सुमारे निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना मात्र तो नसतोच, बदल नव्याने झालेला असतो. नात्यातल्या लग्नाचाही इथे संबंध नाही. एकच बिघडलेली प्रत पुरते. तेव्हा सुनेला बोल लावणं, ग्रहण किंवा नजर काढत बसणं सोडून देऊ या.

लक्ष कुठे द्यायचं? गाठी बहुधा वयात येताना दिसू लागतात. त्याआधी दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत बारीक ठिपके दिसतात. असं असेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवावं. दरवर्षी डोळे, पाठीचा कणा आणि रक्तदाब तपासून घ्यावा. अनेक मुलांना वाचनात, लक्ष देण्यात अडचण येते. तो आळस नव्हे. वर्गशिक्षकांना आधीच सांगितलं तर आम्ही मदत करू शकतो.

गाठीला दोरा बांधू नका, डाग देऊ नका. त्रास देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. एखादी अचानक वाढली, कडक झाली किंवा दुखू लागली तर थांबू नका.

आणि निकाहाआधी ही गोष्ट लपवू नका. दोघांनी मिळून जनुकीय सल्लागारांना भेटावं. समोरच्या घरानेही मुलीला गाठींवरून तोलू नये.