गेटवरचा पोरगा गेला, चोरीची वाट तशीच राहिली

गेल्या पावसाळ्यात आपल्या आटगावच्या एका गोदामातून तांब्याची केबल चोरीला गेली. दुसऱ्याच दिवशी गेटवरच्या पोराला काढून टाकलं. शेजारच्या पाड्यावरचा, बारा तास ड्युटी करणारा पोरगा. चौकशीत त्याच्यावर काहीच निघालं नाही, पण नोकरी गेली ती गेलीच.

मालकाने मग गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीलाच विचारलं, आता काय करू? एजन्सीने 'फुकट' पाहणी केली आणि सल्ला दिला: आणखी दोन गार्ड, आणखी सोळा कॅमेरे. आता खताच्या दुकानदाराला विचारलं की पिकाला काय कमी पडलंय, तर तो खतच सांगणार ना!

दिवाळीनंतर पुन्हा माल गेला. तेव्हा कुठे मालकाने पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना फी देऊन बोलावलं. ते गार्ड पुरवत नाहीत, कॅमेरेही विकत नाहीत. मीही सोबत गेलो. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन ते फिरले. मागच्या भिंतीला लाकडी पॅलेट रचलेले, म्हणजे आयती शिडीच. लाइट गेली की इन्व्हर्टरवर ऑफिसचा पंखा चालू, कॅमेरे मात्र बंद. आणि गेटपासच्या पुस्तकात आधीच सह्या मारून ठेवलेली कोरी पानं! यातली एक तरी गोष्ट त्या पोराच्या हातात होती का?

२०१६ च्या जूनमध्ये ठाण्यात तीन हात नाक्याजवळ चेकमेट या रोकड सांभाळणाऱ्या कंपनीवर दरोडा पडला, कोट्यवधी रुपये गेले. सुरक्षा हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे हे घडलं आणि तपासात कंपनीतल्याच माणसाचा हात निघाला. घरभेद्याला कॅमेरा कुठे आहे ते आधीच माहीत असतं. म्हणून बाहेरची, कोणाशी देणंघेणं नसलेली नजर लागते.

आता कायद्याचं. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना लागतो. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष. आपल्या गेटवरच्या किती पोरांना ते मिळालंय, मालकांनी एकदा विचारून बघावं. पण हा परवाना गार्ड पुरवणाऱ्यांसाठी. नुसता सल्ला देणारा 'कन्सल्टंट' अशी पाटी कोणीही लावू शकतो. तेव्हा चार गोष्टी बघा.

१. एजन्सी किंवा कॅमेरेवाल्याकडून कमिशन घेत नाही, हे लेखी घ्या.
२. आधी काम केलेल्या दोन ठिकाणी स्वतः फोन लावा.
३. फी आधी ठरवा. अहवाल लेखी हवा, आणि बिनखर्चाच्या सुधारणा त्यात आधी हव्यात.
४. तो अहवाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आपल्या कमजोरीचा नकाशाच असतो तो.

"आम्हा छोट्यांना कुठलं परवडतं?" असं काही जण म्हणतील. शेजारच्या पाच गाळेवाल्यांनी मिळून एक माणूस बोलवा, फी वाटून घ्या. भिंत तर सामाईकच असते.

त्या गोदामात पॅलेट हलवले, कॅमेरे इन्व्हर्टरवर घेतले, गेटपासवर माल बघूनच सही सुरू झाली. याचा खर्च सोळा कॅमेऱ्यांच्या कोटेशनच्या पासंगालाही पुरला नाही. मी मालकांना म्हटलं, शेठ, आता त्या पोराला परत बोलवा. ते म्हणाले, बघू.

तो पोरगा आता रोज पहाटेची लोकल पकडून कल्याणला बिगारी कामाला जातो. गावात त्याच्या नावापुढे 'चोरीवाला' लागलंय. कॅमेऱ्यांचे पैसे वाचले, पण हा डाग कोण पुसणार? शेठ, पोस्ट वाचत असाल तर उत्तर अजून बाकी आहे.