कानापुढचा सांधा

वस्तीतील एक भगिनी परवा मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा १२ वर्षांचा. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. दंतवैद्याने त्याला 'ट्विन ब्लॉक' बसवून दिला होता. चौथ्या दिवशी जबडा दुखू लागला, कानाशी कट्‌कट् वाजू लागले, म्हणून बाईंनी तो काढून डब्यात ठेवला. त्याला दोन महिने झाले. "पोराचा जबडा निखळला तर?" ही त्यांची भीती. पैसे मात्र आधीच भरलेले, तेही उसने काढून.

ट्विन ब्लॉक म्हणजे ॲक्रिलिकचे दोन ठोकळे, एक वर, एक खाली. स्कॉटलंडचे डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ही पद्धत काढली. ठोकळ्यांना उतार असतो, त्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढे सरकतो. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली हलते ते जबड्याच्या सांध्याचे डोके. ठोकळे घातले की तेही थोडे पुढे येते आणि भोवतीचे स्नायू ताणले जातात. सुरुवातीचे दुखणे बहुधा या स्नायूंचे. आठवडा-दोन आठवड्यांत ते निवते. तोवर खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. ऊस, फुटाणे नकोत.

नुसता आवाज निरोगी माणसांच्या जबड्यातही येतो. पण आवाजासोबत दुखले, तोंड मध्येच अडकले, किंवा उभी तीन बोटे तोंडात जाईनात, तर थांबू नये, दंतवैद्याला दाखवावे.

वाचकहो, ठोकळे बसविण्याआधीच सांध्याची तपासणी करून घ्या. तोंड किती उघडते ते मोजून केसपेपरवर लिहायला सांगा, म्हणजे पुढे तुलना करता येते. डॉक्टरांना विचारायला आपली माणसे अजून बिचकतात. पैसे आपण देतो, मूल आपले, मग संकोच कसला? या उपचाराने सांध्याचा आजार होतो असे संशोधनात दिसलेले नाही, आणि तो बरा होतो असेही नाही. सांधा बरा करतो म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर सावध राहा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथेही दाखविता येते.

दिरंगाई मात्र परवडत नाही. हे ठोकळे वाढीच्या वयातच कामाचे, आणि ते वय डब्यात ठेवता येत नाही.

त्या भगिनींना आम्ही डबा घेऊनच दवाखान्यात धाडले. दोन महिन्यांत दात हलले असतील, ठोकळा बसला नाही तर दाबू नका, घरी घासू तर मुळीच नका, एवढे बजावून.