ऐकणाऱ्याचे इमान

नव्या वाचकांच्या पत्रांत एक मागणी हल्ली वारंवार दिसते : ‘डोंगल घेतला, सॉफ्टवेअर टाकले, आता आमच्या शहरातल्या पोलिसांची फ्रिक्वेन्सी कळवा.’ हे मासिक ती छापत नाही आणि छापणारही नाही. पण नुसत्या नकारावर भागवणे बरे नव्हे. विचारणाऱ्याचे कुतूहल खरे आहे आणि त्याच कुतूहलातून उद्याचा चांगला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, घडतो. त्याला कारणासकट उत्तर मिळाले पाहिजे.

एके काळी व्हीएचएफ ऐकायचे तर रिसीव्हर स्वतः बांधावा लागे किंवा एखाद्या जुन्या हॅमच्या शॅकमध्ये जाऊन बसावे लागे. कॉइल गुंडाळता गुंडाळता काय ऐकावे, काय कानाआड करावे हेही तो सांगत असे. २०१२च्या सुमारास टीव्हीच्या डोंगलमधील आरटीएल २८३२यू ही चिप कच्चा सिग्नल थेट संगणकाला देऊ शकते हे हौशी मंडळींनी शोधून काढले आणि चित्र पालटले. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आज शाळकरी मुलाच्या टेबलावर उघडा होतो. ही फार मोठी संधी आहे. मात्र उपकरण घरपोच येते, त्यासोबत येणारी शिकवण आता क्लबांनी आणि आपल्यासारख्या मासिकांनी द्यायची आहे.

आधी कायदा पाहू. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी उपकरण परवान्याशिवाय नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले. घरच्या रेडिओचा परवाना पोस्टात नूतनीकरणाला नेल्याचे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी हवी, हे तत्त्व दूरसंचार कायदा, २०२३ मध्येही कायम आहे. त्या कायद्याचे ४२वे कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले. संदेश बेकायदा टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. हवेतून आपोआप येणारा आवाज ऐकणे म्हणजे ‘टिपणे’ होते का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. छंदापायी आपल्यातल्या कोणी त्या खटल्यातला आरोपी होऊ नये.

परदेशी व्हिडिओ पाहून अनेकांचा समज होतो की तिकडे सारेच मोकळे आहे. तसे नाही. ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घेता येतो, पण आपल्यासाठी नसलेला संदेश जाणून घेण्यासाठी तो वापरणे २००६च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या ४८व्या कलमाने गुन्हा आहे. अमेरिकेत पोलिस आणि अग्निशमन दलाचा उघडा संवाद ऐकण्याची जुनी परंपरा आहे. तिथेही १९३४च्या कम्युनिकेशन्स कायद्याचे ७०५वे कलम ऐकलेला खासगी संदेश फोडण्यावर आणि त्यातून स्वतःचा लाभ साधण्यावर बंधन घालते. ऐकण्याची मुभा देणाऱ्या देशालाही ऐकणाऱ्याच्या तोंडावर मर्यादा घालावीशी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ही मर्यादा मोडली की काय होते याचे दाखले आहेत. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका दांपत्याने स्कॅनरवर अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि त्यांचे सहकारी यांचे मोबाइलवरचे बोलणे ऐकले, टेप केले आणि विरोधी पक्षाच्या लोकप्रतिनिधीकडे पोचवले. ते वृत्तपत्रांत झळकले. दांपत्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर हजारो लोक इंटरनेटवरून पोलिसांचा संवाद ऐकत होते. स्कॅनरवर एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून घेतले गेले, अशी आवई रात्रीत जगभर पसरली. तो मुलगा पूर्णपणे निर्दोष होता. आधीच मुलाच्या शोधात असलेल्या त्या कुटुंबावर काय गुदरले असेल, याचा विचार पाठवण्याचे बटण दाबणाऱ्यांपैकी कोणी केला नाही. पोलिसांना तर लोकांना बजावावे लागले की, आमच्या जागा जाहीर करू नका.

मुंबईकराला हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्या वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. सुरक्षा दलांच्या हालचालींची माहिती कॅमेऱ्यातून फुटली काय आणि एखाद्या हौशी माणसाच्या डोंगलमधून फुटली काय, गोळी झेलणाऱ्या जवानाला दोन्ही सारखेच.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपला संवाद कूटबद्ध करायला घेतला, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी हरकत घेतली. पोलिस काय करतात हे जनतेला कळायला हवे, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण तो हक्क मागायचा तो विधिमंडळात आणि न्यायालयात, उघडपणे. चोरून ऐकणाऱ्याला तो मागता येत नाही.

मग ऐकायचे काय? पुष्कळ काही, आणि पोलिसांच्या रुक्ष ‘ओव्हर’पेक्षा कितीतरी रसाळ. वयाच्या बाराव्या वर्षापासून हॅम परवान्याची परीक्षा देता येते. परवाना हाती आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा दोन मीटर बँड, त्यावरचे रिपीटर आणि नेट आपलेच आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर साध्या अँटेनानेही येतो. स्थानक जवळ येताना तो तीनएक किलोहर्ट्‌झ वर आणि दूर जाताना तितकाच खाली सरकलेला सापडतो. डॉप्लर परिणाम यापेक्षा चांगला कोणती प्रयोगशाळा शिकवणार? अमेरिकेच्या नोआ मालिकेतले उरलेसुरले जुने हवामान उपग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाले, तरी रशियाचे मेटिओर उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चित्रे पाठवतात. सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन काड्या १२० अंशांच्या कोनात आडव्या बांधा. पावसाळी ढगांनी झाकलेला अरबी समुद्र तुमच्याच गच्चीवर उतरेल.

कान तयार असला तर तो समाजाच्याही कामी येतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा चमू अंदमानात हॅम मोहिमेवर होता. २६ तारखेला त्सुनामी आली, इतर संपर्क कोलमडले आणि त्याच स्टेशनवरून बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोचू लागली. पश्चिम बंगालमधल्या हॅमनी सीमेलगत संशयास्पद संवाद ऐकला, तेव्हा त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवले. अनपेक्षित कानी पडलेला संदेश म्हणजे चुकून आपल्या दारात टाकलेले दुसऱ्याचे पत्र. ते वाचत बसू नये, गावाला तर दाखवूच नये; त्यात कोणाच्या जिवाला धोका दिसला तर योग्य ठिकाणी पोचवावे.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने येत आहेत. फक्त ऐकणाऱ्या, प्रक्षेपण न करणाऱ्या उपकरणांबद्दल त्यांत स्वच्छ शब्दांत लिहावे : हवामान उपग्रह, हौशी बँड, अंतराळ स्थानक हे विद्यार्थ्याने ऐकायला हरकत नाही, आणि अमुक अमुक ऐकायचे नाही. नियम धूसर असला की प्रामाणिक मुलगा घाबरून छंद सोडतो. ज्याला गैर करायचे आहे तो कधीच थांबत नाही. राज्यातल्या क्लबांनी हे म्हणणे एकत्रितपणे दूरसंचार विभागाकडे लेखी पाठवावे. मसुदा करायला हे मासिक मदत करेल.

आणि प्रत्येक क्लबने नव्या सभासदाच्या हाती पहिल्याच दिवशी एक वही द्यावी. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, सिग्नलचा जोर, अँटेना आणि हवामान एवढे तिच्यात रोज लिहावे. अशा नोंदींतली निवडक पाने पुढील अंकापासून आम्ही ‘श्रवणनोंद’ या सदरात छापू. नव्या वाचकांनी फ्रिक्वेन्सी मागणारी पत्रे जरूर पाठवावीत. जे मोकळेपणी ऐकता येते त्यातले सारे आम्ही हातचे न राखता सांगू.