आजार आमचा, अभ्यास कोणाच्या भाषेत?

स्किझोफ्रेनियाचे ज्ञान म्हणजे इंग्रजीची देणगी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. इतिहास वेगळे सांगतो. हा शब्द १९०८ साली ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने जर्मन भाषेत घडवला. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी या रुग्णांवर वापरले. जपानमध्ये तर आजाराच्या नावाचाच अर्थ 'मन दुभंगण्याचा रोग' असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली आणि २००२ साली नाव बदलले. आपल्याकडे 'छिन्नमनस्कता' अजून चालते. ते ठेवायचे की टाकायचे, हे रुग्णांना कोणी विचारणार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते. पाश्चात्त्य शहरांपेक्षा तिथले रुग्ण जास्त सावरले, असे दिसले. लगेच 'भारतीय एकत्र कुटुंबा'चे गोडवे गायले गेले. पण कोणते कुटुंब? वस्तीतला मजूर, ऊसतोडीला जाणारी बाई त्यात बसते का? जात न विचारता काढलेला निष्कर्ष अर्धाच असतो.

आणि आपण तर मोजणीतही नाही. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. लासूर स्टेशनच्या गरीब घरात मुलाला भास होऊ लागले की देवऋषी दाराशी असतो, घाटी मात्र रेल्वेच्या तिकिटाइतकी आणि बुडालेल्या रोजाइतकी लांब.

आमचा इंग्रजीला विरोध नाही. बाबासाहेबांनी प्रबंध इंग्रजीत लिहिले. पण १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. जगाशी जगाच्या भाषेत आणि आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत, हाच तो धडा.

म्हणून मागणी सरळ आहे. मराठवाड्यातल्या रुग्णांवर संशोधन झाले तर त्याचा सारांश मराठीत छापून प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत नोंदवा. जातीमुळे उपचारात भेदभाव झाला का, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासात ठेवा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा जातीवरून भेदभाव करू देत नाही आणि रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क देतो. आम्ही भीक मागत नाही, कायद्याची अंमलबजावणी मागतो.

जय भीम!