गिअर बदलताना रेंगाळणारे इंजिन : दोष कायद्याचा की कंपनीचा?

१/९
क्लच दाबला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तरी टॅकोमीटरचा काटा लगेच खाली येत नाही; क्षणभर वरच रेंगाळतो. अनेक नव्या मॅन्युअल गाड्यांच्या चालकांची ही तक्रार आहे. ‘प्रदूषणाच्या कायद्यांनी गाडी चालवण्याची मजा घालवली’ हा निष्कर्षही तयारच असतो. इतिहास मात्र इतका सोपा निकाल देत नाही.

२/९
तक्रार खोटी नाही. त्याच वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी लागतात. दुसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला ३००० फेरे असतील, तर तिसऱ्यात ते साधारण २००० वर यावे लागतात. ते उतरण्याआधीच क्लच सोडला, तर गाडीला हिसका बसतो आणि क्लच झिजतो.

३/९
या रेंगाळण्याचे एक मूळ १९४३च्या लॉस एंजेलिसमध्ये आहे. त्या जुलैत शहरावर दाट धुरके उतरले, डोळे चुरचुरू लागले. दुसरे महायुद्ध चालू होते. काहींना हा जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. शत्रू मात्र घरचाच होता.

४/९
त्याचा माग काढला कॅलटेकमधील डच वंशाचे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी. ते अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की हे धुरके तयार होते. मोटारींचा धूर हा त्याचा मोठा स्रोत होता.

५/९
पाय उचलण्याचा क्षण इथेच महत्त्वाचा ठरतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेच्या नळीच्या भिंतींवर पेट्रोलचा पातळ थर असतो. थ्रॉटल झटकन मिटला की आतला दाब घसरतो, त्या थराची वाफ होते. पण ती जाळायला हवा अपुरी पडते. अर्धवट जळलेले इंधन धुराबरोबर बाहेर जाते.

६/९
अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. मग अनेक कार्ब्युरेटरांवर ‘डॅशपॉट’ दिसू लागला: थ्रॉटल हळूहळू मिटू देणारी छोटी डबी. काही गाड्यांत तो आधीपासून होता, पण इंजिन बंद पडू नये म्हणून. आता त्याच्याकडे हवा राखण्याचे कामही आले.

७/९
पुढे डबीची जागा संगणकाने घेतली. पाय पूर्ण उचलला तरी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल किंचित उघडा ठेवता येतो. इंधन एकदम तोडले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्राणवायू साठतो आणि इंधन पुन्हा सुरू होताना नायट्रोजन ऑक्साइडचा निचरा नीट होत नाही. म्हणून संगणक सबुरीने वागतो.

८/९
तरीही सारा दोष कायद्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. त्याच निकषांत बसणाऱ्या काही स्पोर्ट्स गाड्यांचे फेरे झपकन उतरतात. कायदा धुराची मर्यादा ठरवतो. काटा किती रेंगाळावा हे ठरवत नाही. जड फ्लायव्हील आणि सर्वांसाठी एकच सावध प्रोग्रॅम हे कंपनीने खर्च व सोय पाहून केलेले निर्णय आहेत.

९/९
त्यामुळे जाब विचारायचा तो कंपनीला. संगणकाचा प्रोग्रॅम बदलून निकषांना बगल देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याची किंमत चालक नव्हे, मागून सायकलवर येणारा मोजतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू आहे. लॉस एंजेलिसने डोळे चोळत शिकलेला धडा पुणे-मुंबईच्या चौकांतही तेवढाच खरा आहे. काट्याचा तो एक क्षण चालकाला खटकतो खरा. पण तो क्षण का आला हे विसरणे अधिक महाग पडेल.