विश्लेषण : इन्सुलिनचे पेन सुटले, हाती व्हायल आली, मात्रा कुठे चुकते?

‘ह्यूमन मिक्स्टार्ड’सारख्या मानवी इन्सुलिनची पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज नोव्हो नॉर्डिस्क ही कंपनी भारतातून टप्प्याटप्प्याने मागे घेत असल्याच्या बातम्या एप्रिल २०२५ मध्ये आल्या. व्हायल मात्र मिळत राहणार, असे सांगण्यात आले. ‘औषध तेच आहे,’ हे ऐकून रुग्ण निर्धास्त होतो. औषध तेच असले तरी द्रावण तेच नसते.

४० आणि १०० म्हणजे काय?

कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट इन्सुलिन असते, तर भारतातील बहुतेक व्हायलमध्ये ४०. म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. अनेक देशांत १०० हेच प्रमाण रूढ आहे. आपल्याकडे दोन्ही शेजारीशेजारी नांदतात, आणि काउंटरवर नुसते ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हटले तर कोणती हाती पडेल याचा नेम नसतो.

चूक किती मोठी?

समजा, मात्रा २० युनिट आहे. व्हायलमधले औषध केशरी सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. साखर वाढत राहते आणि डॉक्टर मात्रा वाढवतात! उलटी चूक जिवावरची. घरात उरलेल्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर ५० युनिट जातात. ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून हे केले जाते. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीच काढू नये.

बरोबर भरलेली सिरिंजही घाबरवते. पेनमधून २० युनिट म्हणजे ०.२ मिली, व्हायलमधून तेच २० युनिट म्हणजे ०.५ मिली. ‘एवढे सगळे?’ म्हणून कुणी निम्मेच टोचते.

बदल करताना काय पाहावे?

व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला पाहिजे. डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये नव्हे, युनिटमध्ये लिहून घ्यावी. मिक्स्टार्ड गढूळ असते. भरण्यापूर्वी व्हायल तळहातांत हलके फिरवावी, जोरात हलवू नये. पहिले काही दिवस जेवणापूर्वी आणि झोपताना ग्लुकोमीटरने साखर तपासून वहीत लिहावी.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. ती ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.