हाताची बोली कोणासाठी?

मूल बोलू लागण्याआधी त्याला खुणांची भाषा शिकवावी, म्हणजे ते लवकर बोलते व हुशार निघते, हा विचार नातवंडांच्या निमित्ताने आता आपल्या बसवकल्याणातल्या घरांतही येऊन पोहोचला आहे. 1996 साली लिंडा अ‍ॅक्रेडोलो व सुसान गुडविन यांचे 'बेबी साइन्स' हे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि त्यामागोमाग वर्ग, तक्ते, चित्रफिती यांचा बाजार उभा राहिला. ऐकू येणाऱ्या तान्ह्याने 'दूध', 'आणखी', 'पुरे' एवढे हाताने सांगावे, हा त्याचा मथितार्थ.

तान्ह्याचा हात जिभेआधी वळतो, हे आपल्या आज्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. देवापुढे जेजे करणे, चांदोबाला हात हलवून बोलावणे, तळहातावर मोर बसवणे, 'संपलं' म्हणून रिकाम्या मुठी उघडून दाखवणे, हे दुसरे काय आहे? मात्र त्या खुणेबरोबर शब्द असे, आणि मांडीही असे. जिथे आई मराठी, शेजार कन्नड आणि बाजार दखनी बोलतो, तिथे परदेशी खुणांचा तक्ता विकत आणावा तो कशासाठी?

हुशारीसाठी म्हणाल, तर हर्टफर्डशायर विद्यापीठातील संशोधकांनी 40 बाळांचा आठव्या ते विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात खुणा शिकलेल्या मुलांची भाषा इतरांहून सरस ठरली नाही. ती मागेही पडली नाही, हे 'खुणांनी मूल मुके राहील' अशी भीती घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. फरक दिसला तो मातांमध्ये. त्या मुलाच्या हालचालींना अधिक प्रतिसाद देऊ लागल्या.

माझा खरा राग निराळाच आहे. 1880 साली मिलान येथे भरलेल्या बधिरशिक्षकांच्या परिषदेने खुणांपेक्षा उच्चार श्रेष्ठ ठरवला आणि शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या. त्याबद्दल अशाच परिषदेने व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला तो 2010 साली. मधल्या 130 वर्षांत किती कर्णबधिर मुलांना हात आवरून ओठांकडे पाहात बसावे लागले असेल! त्यांना नाकारलेली तीच खूण आज ऐकणाऱ्यांच्या बाळांना बुद्धिवर्धक गुटीसारखी विकली जाते. आणि कर्णबधिर मूल जन्मलेल्या घराला मात्र 'खुणा करू नका, बोलण्याचा आळस करील' असा सल्ला अजूनही मिळतो. पहिल्या चार-पाच वर्षांत कोणतीच भाषा पुरती मिळाली नाही, तर ती तूट पुढे भरून येणे फार कठीण.

शिकायचेच तर भारतीय सांकेतिक भाषा शिकावी. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 2015 साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा कोश काढला; 2021 मध्ये तो 10,000 शब्दांवर गेला. त्याच्या चित्रफिती फुकट पाहता येतात. गल्लीत एखादे कर्णबधिर मूल असले, तर सारे त्याच्याशी नुसते मोठ्याने बोलतात. त्याच्यासाठी पन्नास शब्द घरातल्या थोरांनी शिकावेत. मांडीवरच्या नातवाने ते पाहून उचलले, तर खुशाल उचलू द्यावेत.